पाचवी फेरी

सकाळी अकराच्या सुमारास एका ट्रक ड्रायव्हरने तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ धडाधडा वाचून दाखवली. घोटाळा एवढाच, की ती ओळ त्या तक्त्यावर नव्हतीच. ती आधीच्या तक्त्यावर होती. मी बटण दाबून तक्ता कधीच बदलला होता, आणि हा आपला उजव्या डोळ्यावर तळवा दाबून, मान ताठ करून, पाढे म्हणावेत तशी मागची अक्षरं म्हणत होता. मी म्हटलं, "काका, ही ओळ कुठे दिसली तुम्हाला?" तो थांबला. तळवा खाली आला. डोळे बारीक करून त्याने भिंतीकडे पाहिलं आणि मग हसला, चांगला मोकळाढाकळा हसला. "धरलंत मला, मॅडम," तो म्हणाला. "लायसनच्या कागदासाठी पाठ करून आलो होतो. सगळेच करतात हो." बावीस वर्षं मी लोकांचे डोळे तपासते आहे. असे पाठांतरवाले महिन्याला दोन तरी येतात. एरवी मी त्यांना हसत हसत झापते, चष्मा घ्यायला लावते आणि घरी गेल्यावर नवऱ्याला किस्सा सांगते. आज मला हसू आलं नाही. डावा हात आपोआप उजव्या मनगटाकडे गेला, जिथे आता काही नाही. धरलंत मला. दोनच शब्द. किती सहज म्हणाला तो.

मला रविवारपासून कुणी धरलेलं नाही, तेच तर दुखणं आहे. आणि आज शुक्रवार. आज संध्याकाळी पाच वाजता शर्यतीची यादी पक्की होते. पाचपर्यंत कुणाची हरकत आली तर आली, नाहीतर जे नाव जिथे आहे तिथे कायमचं. माझं नाव तिसरं आहे. पंचेचाळीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये तिसरी. पहिल्या तिघींना पुढच्या वर्षीच्या मोठ्या शर्यतीत जागा, चौथीला टाळ्या. चौथी माझी मैत्रीण आहे. तिला आम्ही सगळे मास्तरीणबाई म्हणतो, कारण ती शाळेत गणित शिकवते आणि शाळेबाहेरही तशीच बोलते. आणि खरं सांगायचं तर ती चौथी नाहीच. तिसरी तीच आहे. हे साऱ्या जगात एकट्या मला माहीत आहे, आणि मी इथे दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत बसून लोकांना विचारते आहे, हे स्पष्ट दिसतंय की हे?

आमची शर्यत म्हणजे आधी तलावात दीड किलोमीटर पोहायचं, मग चाळीस किलोमीटर सायकल, मग दहा किलोमीटर पळायचं. माझा नवरा याला हौसेने एकाच दिवशी तीनदा मरणं म्हणतो. पळायचा रस्ता तलावाच्या कडेने आहे, एक फेरी दोन किलोमीटरची, अशा पाच. पायाला बांधलेली चिप फक्त पाण्यातून बाहेर येताना, सायकल ठेवताना आणि शेवटच्या रेषेवर नोंद करते. मधल्या फेऱ्यांना रबरं. दूरच्या टोकाला एक बाई टेबल मांडून उभी असते, ती दर फेरीला तुमच्या मनगटात एक रबर चढवते. पांढरं, लाल, निळं, हिरवं, पिवळं. पाच झाली की परतताना फाट्यावर उजवीकडे वळायचं, तिथे शेवटची रेषा. पाच नसली की डावीकडे, पुन्हा एक फेरी. पळून पळून डोकं बंद पडतं तेव्हा माणसाला स्वतःचा फोन नंबर आठवत नाही, फेऱ्या कुठल्या आठवणार, म्हणून ही सोय. हे बघा, हे मला आता पाठच झालं आहे. रविवारपासून मनातल्या मनात मी हेच म्हणते आहे, डोकं बंद पडलं होतं, ऊन फार होतं. ऊन होतंच, खोटं नाही. दहा वाजून गेले होते आणि टेबलावरची रबरं उन्हाने एकमेकांना चिकटली होती. चौथ्या फेरीला त्या बाईने हिरवं रबर एक समजून चढवलं, ती दोन होती. मी थांबले नाही, कुणीच थांबत नाही, हात पुढे करायचा आणि पळत राहायचं. फाट्यावर छत्री घेतलेल्या एक बाई होत्या. त्यांनी माझं मनगट पाहिलं आणि ओरडल्या, "पाच! झाली तुमची पाच! उजवीकडे, ताई, उजवीकडे!" आणि मी उजवीकडे वळले.

पुढचं सगळं मग आपोआप झालं. गळ्यात पदक पडलं, हातात पाण्याची बाटली आली, कुणीतरी पाठ थोपटली. दहा किलोमीटर मी सहासष्ट मिनिटांत पळते. गेली तीन वर्षं सहासष्ट, कधी सत्तर. रविवारी त्रेपन्न. आमचे कोच, ज्यांना आम्ही पाठीमागे शिट्टी म्हणतो, त्यांना तर माझे आकडे बघून मूठभर मांस चढलं. "चढाचा सराव!" ते सगळ्यांना सांगत होते. "सांगत होतो की नाही? चढाने माणूस बदलतो." बदलतो खरा. दोन दिवस ते चढाचा सराव न करणाऱ्यांना माझं उदाहरण देऊन फैलावर घेत होते. नवऱ्याने सोमवारी पदक दुकानात आणून काचांच्या कपाटाला अडकवलं, मी नको नको म्हणत असताना. "असू दे गं. तेवढंच गिऱ्हाईक विचारेल," म्हणाला. आणि विचारतातच. प्रत्येक जण विचारतो. आज सकाळपासून चौघांनी विचारलं. एक आजीबाई म्हणाल्या, "या वयात? धन्य आहे बाई तुझी," आणि माझ्या गालाला हात लावून कडाकडा बोटं मोडली. मला वाटलं, आता मी इथेच, काउंटरवर, रडणार. मी त्यांच्या चष्म्याच्या दांड्या गरम करायला आत निघून गेले आणि एक दांडी गरजेपेक्षा जास्त वाकवली.

घरी आल्यावर न्हाणीघरात रबरं काढताना लक्षात आलं, दोन हिरवी, पिवळं नाहीच. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे, की मला ते न्हाणीघर डोळ्यांसमोर दिसतं. ओला नळ, मॅट, मॅटवर पडलेली रबरं. पण मग घड्याळाचं काय? माझं हातातलं घड्याळ सगळं मोजतं, पळालेलं अंतर मीटरपर्यंत. रविवारी त्यात आठ किलोमीटर आणि वर चाळीस मीटर असं आलं होतं. मी ते पुसलं. न्हाणीघरात नाही. तिथेच, शेवटच्या रेषेपलीकडे, सावलीतल्या खुर्चीवर बसून, अजून श्वास जाग्यावर आला नव्हता तेव्हा. घड्याळाने विचारलं, नक्की पुसायचं? मी हो वर बोट ठेवलं. ज्या बाईला काही कळलंच नव्हतं तिने का पुसलं? या प्रश्नापाशी मी रोज येते आणि रोज दुसरीकडे वळते. उपग्रह कधी कधी चुकतात, मी म्हणते. झाडांखाली अंतर कमी दाखवतं, मी म्हणते. मला उत्तरं भराभर सुचतात, हेच मला आता भीतीचं वाटायला लागलंय. मास्तरीणबाईने त्या दिवशी विचारलं, "घड्याळात किती आलं गं?" मी म्हटलं, "बॅटरीच गेली बघ पोहतानाच." "ये, मी देते चार्जर," ती म्हणाली. चार्जर! तिच्या पिशवीत चार्जर होता. तिच्या पिशवीत सगळं असतं, दुसऱ्यांसाठी.

मी चाळिसाव्या वर्षी पोहायला शिकले ते तिच्यामुळे. त्याआधी पाणी म्हटलं की माझी बोबडी वळायची. तलावाच्या उथळ टोकाला मी कठडा धरून उभी, बोटांची टोकं पांढरी पडलेली, आणि ही बाई शेजारच्या लेनमधून येऊन थांबली. ओळख ना पाळख. "पाण्याला घाबरू नकोस," ती म्हणाली. "त्याला तुझं काही पडलेलं नाही." मला ते इतकं उद्धट वाटलं की मी कठडा सोडला. त्यानंतर दीड वर्ष ती रोज पहाटे माझ्याबरोबर पोहली, तिच्या वेगाने नाही, माझ्या. स्वतःचा सराव ती मी गेल्यावर करायची, हे मला फार उशिरा कळलं. सहा वर्षं ती या एका जागेसाठी धडपडते आहे. एका वर्षी पाचवी आली, एका वर्षी चौथी, एका वर्षी सायकलचं चाक पंक्चर झालं आणि ती सात किलोमीटर सायकल हातात धरून चालत आली. यंदा तिच्या उजव्या गुडघ्यातली गादी झिजून गेली आहे. डॉक्टरांनी सांगितलं, हे वर्ष आणि फार तर पुढचं, मग पळणं बंद. ती हे मला तलावाच्या पायरीवर बसून सांगत होती, टोपी पिळत, गृहपाठ सांगावा तशा आवाजात. रविवारी ती रेषेवर आली, माझ्यामागून चार मिनिटांनी, लंगडत, आणि तिने मला मिठीच मारली. तिच्या खांद्यावरचं मीठ माझ्या ओठांना लागलं. "काय पळालीस गं!" ती म्हणाली. "पण मला ओलांडलंस कधी? मला दिसली कशी नाहीस?" मी म्हटलं, "सायकल ठेवायच्या जागी. तू बूट बांधत होतीस." ते ओठांवरचं मीठ मी पुसलं नव्हतं अजून.

आता दुपारचे दोन. गिऱ्हाईक नाही. बाहेर काचा घासायचं यंत्र चालू आहे, त्याची घरघर दातांत उतरते. मला कशाला सांगायला हवं? असं मी दुपारी विचार करते. सकाळी विचार करते, आजच सांगते. चूक त्या टेबलावरच्या बाईची, चूक छत्रीवाल्या बाईंची, चूक उन्हाची. मी मागितली होती का दोन रबरं? बुधवारी मी कामाला दांडी मारली, नवऱ्याला सांगितलं काचांच्या कारखान्यात जाऊन येते, आणि तलावावर गेले. राहिलेली फेरी पळून टाकते म्हटलं, म्हणजे फिटलं. हसू नका. बारा मिनिटं आणि पन्नास सेकंदांत पळाले, चांगली पळाले, फाट्यावर आले तेव्हा तिथे कुणी नव्हतं, एक कुत्रं झोपलं होतं. उजवीकडे वळले. रेषा पुसली गेली होती. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि वाट पाहिली, काहीतरी हलकं वाटेल म्हणून. काही वाटलं नाही. घाम तेवढा आला.

मी पण पाठ केला होता तक्ता, एकदा. हे मला ड्रायव्हर गेल्यावर आठवलं, आणि मग दुसरं काही सुचेनाच. नऊ वर्षांची असेन. माझ्या चष्म्याच्या काचा दरवर्षी जाड होत होत्या, आई प्रत्येक वेळी डोक्याला हात लावायची, "हिचं लग्न कसं व्हायचं," आणि बाबा काही न बोलता माझ्याकडे बघायचे, ते जास्त लागायचं. त्या वर्षी मी दवाखान्यातल्या बाकावर बसून, आधीचा मुलगा आत वाचत होता ते ऐकून, सगळा तक्ता पाठ केला. डॉक्टर म्हणाले, वा, नंबर उतरला की! बाबांनी मला खांद्यावर घेतलं. घरी येताना रस्त्यात भेटेल त्याला सांगितलं, पोरीची नजर सुधारली. मग वर्षभर मी त्या पातळ काचांतून फळा पाहिला. फळा म्हणजे नुसता धूर. शेजारणीच्या वहीतून उतरवायचे, डोकं दुखायचं, एकदा रस्ता ओलांडताना सायकलखाली आले. पण सांगायचं कसं? बाबा किती खूश होते. पुढच्या वर्षी दुसरे डॉक्टर होते, दुसरा तक्ता होता, आणि बाबांनी मला खांद्यावर घेतलं नाही. ते म्हणाले, "असं कसं एकदम उतरलं आणि एकदम चढलं?" आणि मी म्हटलं, माहीत नाही. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. ते 'माहीत नाही' तसंच राहिलं. डोळे तपासायचा धंदा मी का निवडला असं कुणी विचारलं की मी काहीतरी छान सांगते, लोकांना जग दाखवायचं वगैरे.

आज पहाटे मी तिला सांगितलं. म्हणजे सांगितलं असं म्हणता येईल. पाण्यात होतो, दहाव्या खेपेनंतर भिंतीशी थांबलो होतो, ती दम खात होती. तिच्या कानांत मेणाचे बोळे असतात, तिला पाण्याने कान दुखतात. मला ते माहीत आहे. सात वर्षं माहीत आहे. मी तिच्या कानाकडे पाहिलं, बोळा नीट बसलाय हे पाहिलं, आणि मग म्हटलं, "मी रविवारी चारच फेऱ्या पळाले." माझा आवाज पाण्यावरून गेला आणि समोरच्या भिंतीवरून परत आला. तिने मान वळवली. "काय? थांब, बोळा काढते." मी म्हटलं, "काही नाही गं. पाणी गार आहे म्हटलं." "आहेच," ती म्हणाली आणि भिंतीला पाय लावून निघाली. मी तिथेच राहिले. आपण किती हलके आहोत याची मला तेव्हा खरोखर शिसारी आली. वर कपडे बदलताना ती म्हणाली, "सव्वाचारला येते तुझ्याकडे. शाळा सुटली की." मी विचारलं, कशाला? "डोळे तपासायला. अगं, तू माझ्या बाजूने गेलीस आणि मला दिसली नाहीस. आठवडाभर तेच डोक्यात आहे. म्हणजे माझे डोळे गेलेच की. सायकल चालवताना एखादी मोटार अशी दिसली नाही म्हणजे?" ती हसत होती. पण हसताना ती आरशात स्वतःच्या डोळ्यांकडे पाहत होती, खाली ओढून, एक एक करून.

सव्वाचारला ती आलीच, खडूची बोटं आणि खांद्यावर वह्यांची पिशवी घेऊन. गुडघा वाकवायला नको म्हणून खुर्चीत बसताना तिने पाय सरळ पुढे सोडला. काउंटरवरून येताना पदकाला टिचकी मारून आली होती, तो आवाज मी आतून ऐकला. मी खोलीतला दिवा घालवला. तिच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली, डाव्या डोळ्यापुढे काळी चकती घातली, उजव्यापुढे तिच्या जुन्या नंबरची काच. माझे हात थंड होते, तिच्या कानाला लागले तसं ती म्हणाली, "अगं, बर्फ विकतेस का?" मी तक्ता लावला. तिने पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, न अडखळता, एक एक अक्षर सुटं. शेवटून दुसरी ओळ संपली. शेवटच्या ओळीत तीन अक्षरं वाचून ती थांबली.

"चौथं नाही दिसत."

"अंदाज कर ना."

"अंदाज कशाला? नाही दिसत म्हणजे नाही दिसत. उगाच तुझा घोळ व्हायचा."

शेवटच्या ओळीतली तीन अक्षरं. तिच्या वयाला एवढं दिसणं म्हणजे चैन आहे. नंबर जिथे होता तिथेच होता, तसूभर हललेला नव्हता. आणि त्या क्षणी माझ्या बोटांत एक काच होती, पाव नंबरची. मी ती केव्हा उचलली मला माहीत नाही. ही काच चढवायची. म्हणायचं, थोडा फरक पडलाय, वयच आहे, काळजी नको, नवा चष्मा करून देते. ती ऐकेल. ती माझं सगळं ऐकते या खोलीत. मग मी तिला दिसले नाही याचं कारण तिला मिळेल, आणि ती नाकावर चुकीची काच घालून सायकलवरून उतारावर जाईल, आणि मी उपकार केल्यासारखं माझ्याकडे बघेल. बावीस वर्षांत मी हे कुणाला केलेलं नाही. ड्रायव्हरला केलं नाही, कुणाला नाही. काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, अंधारात सुद्धा दिसत होता.

"फरक पडलाय का?" तिने विचारलं. आवाज लहान झाला होता. ती घाबरली होती, ही बाई, जी पाण्याला घाबरत नाही.

"नाही. नंबर तोच आहे."

"मग तू दिसली कशी नाहीस मला?"

मी काच पेटीत ठेवली. तिच्या खाचेत ती नीट बसेपर्यंत दाबली. "कारण मी तुझ्या बाजूने गेलेच नाही," मी म्हटलं. "मी चारच फेऱ्या पळाले. चौथ्या फेरीला दोन हिरवी रबरं चढली हातात, चिकटलेली. पाच दिसली, आणि मी वळले. पाचवी फेरी मी पळालेच नाही."

बाहेरचं यंत्र थांबलं. ती हलली नाही. एका डोळ्यावर काळी चकती आणि दुसरा डोळा माझ्याकडे, मोठा, स्थिर. मला वाटलं ती ओरडेल. ती मोजत होती. मास्तरीण ती. "एक फेरी म्हणजे तुझी तेरा मिनिटं," ती हळू म्हणाली. "मी तुझ्यामागे चार मिनिटं होते. म्हणजे मी नऊ मिनिटं पुढे होते."

"हो."

"नऊ," ती म्हणाली. जरा वेळाने पुन्हा म्हणाली, "नऊ मिनिटं." मग तिने विचारलं, "कधी कळलं तुला?"

आला तो प्रश्न. आणि मी, इतकं सगळं झाल्यावरही, म्हटलं, "घरी. रबरं काढताना." जीभ आपली आपण चालली. न्हाणीघर, मॅट, दोन हिरवी, पिवळं नाही.

"रविवारी?"

"हो."

"आणि आज शुक्रवार." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवली, जड फ्रेम तिच्या नाकावरून घसरली, तिने बोटाने वर केली. "पावणेपाच होत आलेत. फोन कर त्यांना. मी करणार नाही, तू करायचास. मी इथेच बसते."

मी तिथेच, तिच्यासमोरच्या स्टुलावर बसून फोन लावला. तिसऱ्या घंटेला एका दमलेल्या, सभ्य माणसाने उचलला. त्याने माझा शर्यतीतला नंबर विचारला. मला आठवेना. मग मी बाही वर केली. तिथे दंडावर रविवारी सकाळी शाईने लिहिलेला होता, मी तो घासला नव्हता, का कोण जाणे. तीनशे अठरा, फिकट. मी सांगितला. मग बाकीचं सांगितलं, दोन हिरवी रबरं, फाटा, उजवीकडे. तो मधे मधे हं म्हणत होता. शेवटी उसासा टाकून म्हणाला, "अहो ताई, होतं असं. चूक आमच्याच माणसांची आहे ती. तुमची जागा जाईल आता, पण बाकी काळजी करू नका. घरी गेल्यावर लक्षात आलं, असं लिहितो."

"आणि तसं नसेल तर?" मी विचारलं.

"म्हणजे माहीत असून वळलात, असं? मग दोन वर्षं बंदी, नाव लावतात बाहेर. पण तसं कुठे आहे. घरी लक्षात आलं, बरोबर ना? तेवढं सांगा, फॉर्म बंद करतो."

समोर ती बसली होती, पाय सरळ, एक डोळा झाकलेला. हा माणूस किती चांगला होता. मला त्याचा राग आला. फाट्याच्या चाळीस पावलं आधी माझा अंगठा मनगटावर फिरला होता. मी अंगठ्याने नेहमीच मोजते, पांढरं, लाल, निळं, हिरवं. आणि अंगठ्याला आणखी एक लागलं. मी खाली पाहिलं. हिरवं. मनात स्वच्छ शब्द आले, पिवळं नाही. डोकं बंदबिंद काही पडलं नव्हतं. आणि मान वर केली तर पाण्यापलीकडे, वळणावर, तिची निळी टोपी दिसत होती, तिच्या पाचव्या फेरीत, लंगडणारी, माझ्या कितीतरी पुढे. मला वाटलं, एकदा तरी. फक्त एवढंच वाटलं, एकदा तरी. मग छत्रीवाल्या बाई ओरडल्या.

"नाही," मी फोनमध्ये म्हटलं. "घरी नाही. वळतानाच माहीत होतं मला. तसंच लिहा."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. तो म्हणाला, "ठीक आहे," आणि आणखी काही म्हणाला, ईमेल येईल वगैरे. मी फोन मांडीवर ठेवला. तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना, मी तिच्या बुटांकडे बघत होते, शाळेत घालायचे काळे बूट, डाव्याची नाडी सुटलेली. तिने खाली वाकून ती बांधली. सावकाश, दुहेरी गाठ मारून. गुडघ्यामुळे तिला वाकायला त्रास होत होता आणि मी मदतीला हात पुढे केला नाही, तो अधिकार आता आपला नाही असं मला वाटलं.

"पहाटे मी दुसऱ्या लेनमध्ये पोहणार आहे," ती म्हणाली. "काही दिवस."

"बरं," मी म्हटलं.

ती पाठ टेकून बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. उजव्या डोळ्यापुढची काच तिने स्वतः उचलून माझ्या हातात दिली आणि काळी चकती डावीकडून काढून उजवीकडे लावली.

"डावा डोळा राहिलाय," ती म्हणाली. "तक्ता बदल. हा आता माझा पाठ झालाय."

मी तक्ता बदलला.